मावशी तक्त्यात नाहीत : बालवर्गातल्या सामाजिक शास्त्राचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बालवर्गाच्या मोठ्या गटातले आहे. पाच ते सहा वर्षांची 26 मुले, त्यांच्या ताई, आणि आठवड्यातून दोनदा वर्गात जाऊन बसणारी मी, पर्यवेक्षिका. शाळेची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बालवर्गाच्या वेळापत्रकात ‘सामाजिक शास्त्र’ असा तास नसतो, नसावाही. तरी विषय असतोच. माणसे, त्यांची कामे, जागा, आधी आणि नंतर, कुणाची पाळी, कुणाचा नियम, हे सगळे मुले दिवसभर हाताळत असतात. आमच्याकडे यातला बराचसा भाग ‘आपले मदतनीस’ या नावाखाली तीन आठवड्यांत उरकला जायचा. भिंतीवर आठ चौकटींचा तक्ता: डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, शिक्षिका, शेतकरी, सुतार, बस चालवणारा आणि आग विझवणारा जवान. प्रत्येक जण हसरा, प्रत्येकाच्या हातात आपले अवजार. मग गाणे, मग ‘जोड्या लावा’. तक्ता मीच निवडला होता आणि कृतिपत्रिकाही माझ्याच सहीने छापायला गेल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते.

असा विषय निवडण्यामागे जुना विचार आहे. अमेरिकी शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांनी 1896 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत लहान मुलांची सुरुवात घरातल्या कामांपासून होत असे. पुढे पॉल हॅना यांनी अमेरिकेत वर्तुळांचा क्रम रुजवला: आधी घर, मग शाळा, मग वस्ती, मग गाव, मग देश. जवळचे आधी, लांबचे नंतर. शिक्षणाचे अभ्यासक किरन ईगन यांनी याला जोरदार विरोध केला. पाच वर्षांच्या मुलाला राक्षस, शौर्य, अन्याय हे कधी न पाहिलेले सारे सहज कळते, मग त्याला फक्त डोळ्यासमोरचे का द्यायचे, असा त्यांचा सवाल होता. हा वाद मला प्रशिक्षणात शिकवला गेला होता, परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिले होते. जवळचे म्हणजे ओळखीचे, हे मात्र दोन्ही बाजूंनी धरूनच चालले आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नव्हते.

अडचण

‘मदतनीस’चा शेवटचा आठवडा चालू होता. कृतिपत्रिका जवळजवळ सगळ्यांच्या बरोबर आल्या होत्या. डबा खाताना एका मुलीला उलटी झाली. मावशी आल्या. बादली, फडके, फिनेल. मुलीचे तोंड धुतले, तिची चटई उचलून नेली, फरशी दोनदा पुसली आणि गेल्या. पाच मिनिटांचे काम.

ताईंना वाटले, धडा आपणहून चालत आलाय. त्यांनी विचारले, “आत्ता आपल्याला कुणी मदत केली?”

शांतता. मग एक आवाज आला, “पोलीस!”

मग “डॉक्टर!”, मग “तुम्ही!” ताईंनी भिंतीकडे बोट केले नव्हते, पण सगळ्यांच्या माना तक्त्याकडे वळल्या होत्या. शेवटी त्यांनीच विचारले, “आणि मावशी?” तेव्हा पुढे बसलेल्या मुलाने अगदी समजुतीच्या स्वरात सांगितले, “ताई, मावशी तक्त्यात नाहीत.”

त्या दिवशी ताई हे हसत हसत सांगायला आल्या होत्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन प्रश्न आणखी विचारले, तेव्हा हसू गेले. मावशींचे नाव काय? एकालाही माहीत नव्हते. मावशी काय काम करतात? “करत नाहीत, त्या असतात,” असे एकीने सांगितले. बाकीच्यांना ते पटले.

म्हणजे मुले मठ्ठ होती असे नाही. आम्ही जे शिकवले ते त्यांनी नेमके उचलले होते. ‘मदतनीस’ म्हणजे गणवेश घातलेली, हातात अवजार धरलेली, चौकटीत उभी असलेली व्यक्ती. मावशींना गणवेश नव्हता आणि त्या चौकटीत उभ्या राहत नव्हत्या.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सोपा होता: नववी चौकट. मावशींचा फोटो काढायचा, तक्त्याखाली चिकटवायचा. एका दिवसात काम झाले असते आणि मुलांनी नऊ नावे पाठ केली असती. खोट मुळातच असेल तर ठिगळ लावून काय उपयोग, असे ताईंचे म्हणणे पडले.

दुसरा, अग्निशमन केंद्राची सहल. मुलांना ती आवडतेच आणि पालकांना फोटो मिळतात. मी स्वतः याच बाजूची होते. पण सहलीने लांबचे दाखवले असते. आमची अडचण चार पावलांवरची होती.

तिसरा, एखादी गोष्ट रचून सांगायची. ईगन यांचे म्हणणे मानले तर हाच मार्ग प्रभावी. तो आम्ही राखून ठेवला. पण गोष्टीतल्या मावशी भल्या, कष्टाळू आणि दयाळू झाल्या असत्या. मुलांना त्यांची कीव आली असती, आणि कीव आम्हाला नको होती.

चौथा पर्याय ताईंचा: आपली शाळाच अभ्यासाला घ्यायची. ही इमारत रोज सकाळी तयार कशी होते, इथे कोण काय करते, ते मुलांनीच शोधायचे. सहा आठवडे लागतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात आठ लागले. मी परवानगी दिली ती एका अटीवर, की कृतिपत्रिकांचा कोटा पूर्ण व्हावा. अट मूर्खपणाची होती. दुसऱ्या आठवड्यात ती मीच मागे घेतली.

काय केले

सुरुवात मावशींना विचारण्यापासून. हे ताईंनी मुलांसमोर केले नाही, कारण 26 चेहरे समोर असताना कुणी नाही म्हणू शकत नाही. मावशी खुर्चीवर बसून मुलाखत द्यायला तयार नव्हत्या. “माझ्या कामात सांगण्यासारखं काय असतंय ताई?” फोटोलाही त्यांनी साफ नकार दिला. “मी काम करते तेव्हा मागं मागं फिरू दे त्यांना. फक्त ओल्या फरशीवरून नको.” एवढे मात्र त्यांनी कबूल केले. पुढचे सगळे नियोजन या एका वाक्यावर उभे राहिले, आणि आम्ही आखले असते त्यापेक्षा ते कितीतरी चांगले होते.

त्याआधी ताई स्वतः एक दिवस पहाटे शाळेत आल्या आणि मावशींबरोबर फिरल्या. न्यूयॉर्कमध्ये 1916 पासून शिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या ल्युसी स्प्रेग मिचेल यांचा हा आग्रह असे, की परिसर शिकवायचा तर आधी शिक्षकाने तो पायी पालथा घालावा. ताई परत आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. सहा वर्षे या शाळेत असून जिन्याखालच्या खोलीत त्या प्रथमच गेल्या होत्या.

मग मुले. पहिला प्रयत्न फसला. ताईंनी गोलात बसवून सांगितले, “मावशींना काय काय विचारू या?” आणि आले ते असे: “माझ्याकडे पण झाडू आहे.” “माझी आजी पडली.” “मला भूक लागली.” पाच वर्षांचे मूल प्रश्न विचार म्हटल्यावर बहुधा आपली बातमी सांगते. प्रश्न हवेतून येत नाही, त्याला धरायला वस्तू लागते.

ती वस्तू म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मावशींनी तो कमरेचा काढून गोलाच्या मध्यभागी ठेवला. तो हातोहात फिरला, मोजला गेला, वाजवला गेला, आणि प्रश्न सुरू झाले. एवढ्या किल्ल्या कशाला? ही छोटी कशाची? सगळ्यांत आधी कुठले दार उघडतात? तुमच्यासाठी दार कोण उघडते? मग तुम्ही आमच्याही आधी येता? मग तुमची बाळं कुणी उठवली? या शेवटच्या प्रश्नावर मावशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “मोठीनं धाकट्याला उठवलं.” वर्ग गप्प झाला. ताईंनी त्यावर काहीही जोडले नाही. मला तेव्हा त्या काहीतरी बोलायला हव्या होत्या असे वाटले. आता वाटत नाही.

पुढे मुले चार-चारच्या गटाने मावशींच्या मागे फिरली. वेळ शिकवायची तर घड्याळ या वयात कामाचे नाही. ‘साडेसहा’ हा त्यांच्यासाठी नुसता शब्द. ताईंनी वर्गात दोरी बांधली आणि तिच्या मधोमध ‘आपण येतो’ हे चित्र चिमट्याने लावले. डावीकडे आपण यायच्या आधीचे, उजवीकडे आपण गेल्यानंतरचे. दोन आठवड्यांत डावी बाजू उजवीपेक्षा भरली. कुलूप, दिवे, पाण्याची टाकी, बाके, फळा. एका मुलाने डावीकडे अगदी टोकाला काळा कागद लावला. का विचारले तर म्हणे, “तेव्हा शाळेत रात्र असते.” त्या काळ्या कागदाकडे पुन्हा येऊच.

जागेचे काम ठोकळ्यांनी झाले. अमेरिकी शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी रूढ केलेले एकमेकांच्या दुप्पट-चौपट मापांचे लाकडी ठोकळे आमच्याकडे होते, पण ते मनोरे रचण्यापुरतेच निघत. मुलांनी जमिनीवर शाळा मांडली. आपला वर्ग अवाढव्य, माझी खोली काडेपेटीएवढी, जिना नाहीच. मला राहवले नाही, मी वाकून जिना ठेवायला गेले. ताईंनी माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींची बादली खरोखरच लपवली, ठोकळ्यांच्या शाळेत तिच्या जागी लाल मणी ठेवला आणि म्हणाल्या, शोधा. बादली सापडेना. परत येऊन भांडणे झाली: “इथे जिना आहे, तुम्ही लावलाच नाही!” तीन दिवसांत जिना आला, मागचे दार आले, माझी खोलीही थोडी मोठी झाली.

लहान मुलांना दुसऱ्याच्या जागेवरून पाहता येत नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या तीन डोंगरांच्या प्रयोगातून निघाला होता: डोंगरांच्या प्रतिकृतीपलीकडे बसलेल्या बाहुलीला काय दिसते, ते मुलांना सांगायचे असे. मार्टिन ह्यूज यांनी तसाच प्रश्न पोलिसापासून लपणाऱ्या बाहुलीच्या खेळातून विचारला, तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे 90 टक्के उत्तरे बरोबर आली. हेतू कळला की नजर बदलते. ‘नकाशा काढा’ म्हटल्यावर जे जमले नसते ते ‘बादली शोधा’ म्हटल्यावर जमले.

पहिला अवघड प्रसंग: खेळातला आवाज

चौथ्या आठवड्यात खेळकोपऱ्यात ‘शाळा’ सुरू झाली. मावशी व्हायला रांग लागली, कारण जुडगा तिच्याकडे. ताईंना बरे वाटले. मी मात्र ऐकत होते. बाई झालेली मुलगी कमरेवर हात ठेवून ओरडली, “ए मावशी, हे उचल ना! दिसत नाही का?” आणि मावशी झालेल्या मुलाने मान खाली घालून उचलले.

हे कुठून आले? घरून, असे म्हणणे सोयीचे होते. पण तो स्वर मला ओळखीचा होता. स्टाफरूममधला होता. शब्द इतके कडक नसतील, पण ‘ए मावशी’ आमचेच होते.

तिथल्या तिथे काय करायचे याचे तीन मार्ग दिसत होते. खेळ थांबवून ‘असं बोलू नये’ सांगणे, दुर्लक्ष करणे, किंवा खेळात शिरणे. ताई शिरल्या. पदर खोचून म्हणाल्या, “मी पण आज मावशी. कंबर दुखतेय, ही बादली कोण धरतं? बाई, तुम्ही धरता का?” बाई गोंधळली, मग तिने बादली धरली. खेळाला वेगळी दिशा मिळाली. नंतरच्या आठवड्यांत ‘बाई’ कधीकधी स्वतःहून बादली धरू लागल्या, कधीकधी नाही. दोन मुलांचा हुकमी स्वर मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

मोठ्यांच्या स्वराचे काम माझ्याकडे होते आणि मी ते टाळत राहिले. दोन आठवड्यांनी शिक्षकसभेत विषय काढला. वातावरण अवघडले. “आम्ही प्रेमानेच म्हणतो,” असे एक जण म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. ठरले एवढेच, की मावशींना नावासह हाक मारायची आणि ‘अहो’ म्हणायचे. हे पाळणे मला स्वतःला सर्वांत जड गेले.

दुसरा अवघड प्रसंग: बहुमत

मावशींचे काम पाहून मुलांनीच प्रश्न काढला, की कातरकामानंतरचे कागद त्यांनीच का उचलायचे? ताईंना हे सोन्यासारखे वाटले. नियम तुम्हीच करा, म्हणाल्या. चर्चा झाली, हात वर झाले, आणि मोठ्या बहुमताने नियम झाला: ज्याचे काम सगळ्यांत शेवटी संपेल, त्याने सगळ्यांचे कागद उचलायचे.

वर्गात एक मुलगा होता. तो कात्री सावकाश, रेघेवरूनच चालवायचा. तो रोज शेवटी असायचा. हे सर्वांना माहीत होते, हात वर करणाऱ्यांनाही.

ताईंनी मला विचारले, मोडू का? मी म्हटले, चालू दे, अनुभवातून कळेल. पहिल्या दिवशी त्याने उचलले. दुसऱ्या दिवशी त्याने फूल अर्धेच कापून टाकून दिले आणि रडला. तिसऱ्या दिवशी ताईंनी नियम थांबवला, गोल बसवला आणि विचारले, “हा नियम तुझ्यावर आला तर?” नवा नियम निघाला: आपापल्या चटईचा आपण, मधला सगळ्यांनी मिळून.

शेवट गोड दिसतो, पण सल्ला चुकीचा होता आणि तो माझा होता. एका मुलाच्या दोन दिवसांच्या खर्चावर बाकीच्यांना शिकवायचे नसते. आता आम्ही मतदानाआधी एक गोष्ट पक्की करतो: कुणा एकावर ओझे टाकणाऱ्या गोष्टीवर मत घ्यायचेच नाही. आजची गोष्ट कुठली, मैदानात आधी घसरगुंडी की झोके, यावर खुशाल हात वर करा.

पालक

दोन भेटी सांगायला हव्यात. एक वडील चिडून आले: “माझ्या मुलीच्या हातात झाडू का?” झाडू दिला नव्हता, तिने तो खेळात घेतला होता. मी दोरी आणि ठोकळ्यांची शाळा दाखवली, मुलीने स्वतः त्यांना ‘आपण यायच्या आधी’ काय काय होते ते क्रमाने सांगितले. ते गप्प झाले. पटले असेल असा माझा दावा नाही.

दुसरी भेट जास्त लागली. वर्गातल्या एका मुलाची आई दुसरीकडे हेच काम करते, हे प्रवेशअर्जावरून आम्हाला माहीत होते. त्याला पुढे करायचे नाही, आईला बोलवायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. पण जुडगा फिरत असताना तोच म्हणाला, “माझ्या आईकडे याच्यापेक्षा मोठा आहे.” अभिमानाने म्हणाला. मुलांनी हेव्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याची आई काळजीत येऊन दारात उभी राहिली: पोरं त्याला चिडवणार तर नाहीत ना? आम्ही तिच्याशी आधीच बोलायला हवे होते. तिला विषय कळायला नको होता तो मुलाच्या तोंडून.

काय साधले, काय नाही

आठव्या आठवड्यात ताईंनी प्रत्येक मुलाला एकटे बसवून विचारले, “आज शाळेत तुझ्यासाठी कुणी काय केलं?” बहुतेकांनी मावशींचे नाव घेतले, नावानिशी घेतले, आणि निम्म्यांनी तरी असे काम सांगितले जे त्यांच्या डोळ्यांसमोर झालेच नव्हते: पाणी भरणे, दार उघडणे. न दिसणारे काम सांगता येणे, हे मला या सगळ्यातले सर्वांत मोठे वाटते. चौघांनी फक्त ताईंचे नाव घेतले. एकाने अजूनही पोलीस सांगितला.

मावशींना विचारले, काही फरक? “आता कचरा मला दाखवतात. उचलत नाहीत. पण दाखवतात.”

कृतिपत्रिका सतरा उरल्या. त्यावर कुणी काही बोलले नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. तक्ता खाली उतरवला नाही. फोटोला मावशींचा नकार असल्याने त्याच्याशेजारी मुलांनी काढलेल्या किल्ल्या लावल्या आहेत.

पुन्हा करायचे झाले तर

पालकांशी बोलणे पहिल्या आठवड्यात, आणि त्या आईशी सर्वांत आधी. शिक्षकसभाही आधी, मुलांच्या खेळात आमचा स्वर ऐकू यायची वाट न बघता. ‘मदतनीस’ हा शब्दच बहुधा सोडू. त्यात काम करणारा आपल्यासाठीच असतो असा भाव आहे. ‘इथे काम करणारी माणसे’ हे लांबलचक आहे, पण मुले ते सहज म्हणतात. तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता, तो आम्ही सुट्टीच्या गडबडीत विसरलो.

आणि तो काळा कागद. “रात्री शाळेत कोण असतं?” हा प्रश्न दोरीवर तसाच लटकत राहिला. रात्रपाळीचे काका मुले यायच्या आधी घरी जातात. त्यांना थांबवून घ्यायचे म्हणजे त्यांची झोप मोडायची, म्हणून ताईंनी ती कल्पना सोडली. त्याऐवजी फाटकाजवळच्या खुर्चीवर आता एक वही असते. मुले जाताना त्यात प्रश्नाचे चित्र काढतात, शेजारी ताई तो शब्दांत लिहितात, आणि काका रात्री उत्तर देतात. पहिला प्रश्न अर्थातच तोच होता. सकाळी वहीत दोन ओळी होत्या: “मी असतो. आणि एक मांजर.”